फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि त्यांच्या माई आत्या

हातात दिवा घेऊन रात्रीच्या वेळी जखमी शिपायांच्या खाटांमधून हळूहळू जाणाऱ्या एका बाईचे चित्र आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी कोठे ना कोठे पाहिलेले असेलच. त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत. त्यांचा जन्मदिवस, १२ मे, हा जगभर परिचारिकांचा दिवस म्हणून पाळला जातो. त्यांची चरित्रे पुष्कळ झाली आहेत आणि त्यांतील मुख्य गोष्टी शाळेच्या पुस्तकांतही आल्या आहेत. तेव्हा त्याच पुन्हा सांगण्यासाठी आम्ही लेखणी हाती घेतलेली नाही. जखमी शिपायाजवळ रात्रंदिवस बसणाऱ्या माणसास उसंत कोणी द्यावयाची, हा एक प्रश्न या थोर बाईंच्या आयुष्यात आरंभापासून अखेरपर्यंत गुंतलेला दिसतो, आणि त्याकडे चरित्रकारांचे लक्ष जावे तितके गेलेले नाही. त्या प्रश्नाच्या अनुरोधाने आम्ही त्यांचे चरित्र वाचकांपुढे मांडीत आहो.

हा प्रश्न दूरच्या देशाचा आहे असे कोणी समजू नये. आमच्या शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्यापाशी सकाळी घटकाभर उभे राहावे, म्हणजे घाटीच्या इस्पितळाकडे निघालेल्या रिक्षांतून हातात डबा व बगलेत चटई घेतलेली बाई हटकून दृष्टीस पडते. दुखणे तिचे नसते. ती कोणाच्या तरी उशाशी बसावयास निघालेली असते, आणि रात्री त्याच चटईवर इस्पितळाच्या ओसरीत अंग टाकते. तिचा चेहरा पाहून दुखणेकरी कोण आणि सोबतीण कोण असा पाहणारास संभ्रम पडतो. आता दुखणेकरी युद्धात पाय गमावलेला किंवा पाठीचा कणा मोडलेला तरुण शिपाई असला, म्हणजे हे बसणे आठवड्याचे वा महिन्याचे न राहता जन्माचे होते.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला, व त्या शहराचेच नाव तिला मिळाले. वडील बहीण नेपल्स येथे जन्मली म्हणून त्या शहराच्या जुन्या ग्रीक नावावरून तिचे नाव पार्थेनोपी ठेवले होते. नाइटिंगेल कुटुंब श्रीमंत. डर्बीशरमध्ये एक घर आणि हँपशरमध्ये दुसरे. वडील विद्वान होते व त्यांनी मुलींना ग्रीक, लॅटिन, इतिहास हे विषय स्वतः शिकविले. गणिताची गोडी फ्लॉरेन्सला विशेष होती. या घराचे एक नाते आमच्या वाचकांस फोड न करताही समजेल. फ्लॉरेन्सच्या वडिलांची बहीण मेरी ही फ्लॉरेन्सच्या आईच्या भावास, सॅम्युअल स्मिथ यांस, दिली होती. म्हणजे आमच्याकडे ज्यास साटेलोटे म्हणतात तोच हा प्रकार. आत्या तीच मामी आणि मामा तेच आत्याचे यजमान. या मेरीबाईंस घरात माई म्हणत. नाव ऐकून आमच्याच एखाद्या वाड्यातील वडीलधारी बाई डोळ्यांपुढे यावी! माई आत्यास १८३१ साली मुलगा झाला तेव्हा अकरा वर्षांच्या फ्लॉरेन्सने त्यास आपलाच मानून खेळविले. त्याचे नाव शोर. नाइटिंगेलांस पुत्र नसल्यामुळे वडिलोपार्जित इस्टेट पुढे याच आत्याच्या घराकडे जावयाची होती. हे लक्षात ठेवावे, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

सतराव्या वर्षाच्या आतच, ७ फेब्रुवारी १८३७ रोजी, देवाने आपल्याला आपल्या सेवेस बोलाविले आहे अशी फ्लॉरेन्सची खात्री झाली. सेवा कोणती हे समजावयास पुष्कळ वर्षे लागली, आणि समजल्यावर ती करू मिळावयास आणखी वर्षे लागली. १८४५ साली तिने जवळच्या सॉल्झबरीच्या इस्पितळात काम शिकण्याची परवानगी मागितली, तेव्हा घरात आकाश कोसळल्याप्रमाणे झाले. त्या काळच्या इस्पितळांत दाई म्हणून काम करणाऱ्या बायकांचा लौकिक चांगला नव्हता. कुलीन घरच्या मुलीने तेथे पाऊल टाकणे म्हणजे अब्रू घालविणेच. तिने मागणी घातलेल्या एका सज्जन गृहस्थास नकार दिला, इजिप्तपर्यंत प्रवास केला, आणि सरकारी अहवाल पहाटे उठून चोरून वाचले. मध्यंतरी पार्थेनोपीस मानसिक दुखणे जडले, आणि धाकट्या बहिणीने सहा महिने फक्त तिच्याजवळ राहावे असे ठरले. फ्लॉरेन्सने ते मुकाट्याने केले. एकाच माणसाच्या मर्जीभोवती दिवस व रात्र फिरत राहिल्याने निरोगी माणसाचे काय होते, याचा हा तिचा पहिला धडा असे आम्हांस वाटते.

अखेर जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी कायझर्सवर्थ येथे पास्टर फ्लीड्नर यांनी चालविलेल्या संस्थेत १८५१ साली तिला तीन महिने राहावयास मिळाले. तेथे सेविका शेतकऱ्यांच्या घरच्या होत्या, जेवण अगदी साधे, आणि काम पहाटेपासून. तिला हे दिवस स्वर्गासारखे वाटले. १८५३ साली लंडनमधील हार्ली स्ट्रीट येथे आजारी स्त्रियांच्या एका लहान संस्थेची व्यवस्था तिच्याकडे आली. वडिलांनी सालीना ५०० पौंड बांधून दिले, आणि घरचा विरोध निम्मा मावळला.

पुढील वर्षी क्रिमियाचे युद्ध पेटले. रशियाविरुद्ध इंग्लंड, फ्रान्स व तुर्कस्थान असा हा सामना होता. टाइम्स पत्राचे बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल यांनी जखमी शिपायांचे हाल लिहून पाठविले, आणि इंग्लंडात संतापाची लाट उसळली. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे फ्लॉरेन्सबाईंचे स्नेही. परिचारिका घेऊन जाण्याविषयी त्यांनी बाईंस पत्र लिहिले. बाईंनीही त्याच वेळी स्वतः होऊन पत्र लिहिले होते, व दोन्ही पत्रे वाटेत एकमेकांस ओलांडून गेली. २१ ऑक्टोबर १८५४ रोजी ३८ परिचारिकांसह त्या निघाल्या आणि ४ नोव्हेंबरला इस्तंबूलच्या समोरच्या तीरावर स्कुटारी येथे पोहोचल्या. दुसऱ्याच दिवशी इंकरमनची मोठी लढाई झाली, आणि जखमींची गलबते येऊ लागली.

स्कुटारीचे इस्पितळ म्हणजे तुर्की शिपायांची एक प्रचंड चौकोनी बराक. खाटांची ओळ सरळ मांडली असती तर कोसच्या कोस गेली असती. खाली गटारे तुंबलेली, पाणी अपुरे, सदरे व चादरी नाहीत, आणि भांडारात माल असला तरी तो काढावयास तीन अधिकाऱ्यांच्या सह्या हव्या. गोळीने मेले त्यांपेक्षा हगवण, पटकी व ज्वर यांनी मेले ते कितीतरी अधिक. १८५५ च्या फेब्रुवारीत मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ पर्यंत चढले. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण शाळेच्या पुस्तकांत ती बहुधा गाळली जाते. केवळ बाईंच्या शुश्रूषेने हे मृत्यू थांबले नाहीत. मार्चमध्ये विलायतेहून स्वच्छतेची सरकारी समिती आली, तिने गटारे धुऊन काढली, पाणी शुद्ध केले, हवा खेळती केली. तेव्हा जूनपर्यंत प्रमाण शेकडा २ च्या आसपास उतरले. हे सत्य बाईंस युद्धानंतर आकडे मांडताना पुरते उमगले, आणि उरलेले सर्व आयुष्य त्यांनी त्या आकड्यांच्याच पाठीमागे घालविले. दिव्याच्या चित्रापेक्षा आम्हांस हा प्रामाणिकपणा मोठा वाटतो. जाता जाता सांगावयाचे म्हणजे, तो दिवाही चित्रात काढतात तसा पणतीच्या आकाराचा नव्हता. घडी पडणारा तुर्की फानूस होता.

बाईंचा एक कडक नियम असा होता की, रात्री आठनंतर एकाही परिचारिकेने वॉर्डात राहावयाचे नाही. रात्रीची पाळी पुरुष शिपायांनी करावी, आणि फेरी बाईंनी स्वतः घालावी. लोकापवाद टाळणे हा त्यातील हेतू उघडच होता. परंतु त्यामुळे परिचारिकांस झोप मिळाली, हेही खरे. तरी पुष्कळजणी आजारी पडून परत गेल्या आणि काही तिकडेच मरण पावल्या. बाई मात्र तो नियम स्वतःस लावीत नसत. दिवसा भांडार, स्वयंपाकघर व अधिकाऱ्यांशी भांडणे, रात्री फेरी, आणि फेरीनंतर पत्रे. मेलेल्या शिपायाच्या आईस त्याचे अखेरचे वर्तमान कळविण्याचे काम त्या सहसा दुसऱ्यावर सोपवीत नसत. शिपाई पगार दारूत उडवितात हे मत खोटे ठरविण्यासाठी त्यांनी घरी पैसे पाठविण्याची सोय केली, आणि सहा महिन्यांत ७१,००० पौंड विलायतेस रवाना झाले. शिपायाच्या खाटेस एक अदृश्य दोरी बांधलेली असते व तिचे दुसरे टोक त्याच्या घरात असते, हे त्यांनी ओळखले होते.

त्या घरातील काही माणसे तर स्कुटारीतच होती. त्या काळी पलटणीबरोबर शंभर शिपायांमागे चार-सहा जणांच्या बायकांस जाण्याची मुभा असे, आणि कोणी जावे हे चिठ्ठ्या टाकून ठरे. नवरा पुढे लढावयास गेला, पडला किंवा पांगळा झाला, म्हणजे त्या बाईचे नाव कोणत्याच वहीत राहत नसे. अशा दोनशेच्या आसपास बायका बराकीच्या तळघरात, ओल्या जमिनीवर, चिंध्यांचे पडदे लावून राहत होत्या. तेथेच बाळंत होत, तेथेच मरत. लेडी अलिशिया ब्लॅकवुड नावाची बाई सेवा करू द्या म्हणून आली, तेव्हा फ्लॉरेन्सबाईंनी तिला वॉर्डात न घेता या तळघराकडे पाठविले. तिने तेथे स्वच्छता केली, कपडे दिले, मुलांसाठी शाळा काढली. काही बायकांस बाईंच्या धुलाईघरात रोजंदारी मिळाली. जखमी शिपायाची काळजी म्हणजे त्याच्या बायकोचीही काळजी, ही गोष्ट सैन्याच्या कारभारात त्यापूर्वी कोणी हिशेबात धरली असेल असे आम्हांस वाटत नाही. आमच्या शहरापासून फार दूर नसलेल्या असईच्या रणांगणावर २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्ली आणि शिंदे-भोसले यांच्या फौजांत जी लढाई झाली, तिचे नकाशे आमचे विद्यार्थी इतिहासात पाहतातच. फौजेमागून बैलांवर बिऱ्हाड लादून चालणाऱ्या बायकामुलांस त्या नकाशांत जागा नाही.

मे १८५५ मध्ये बाई क्रिमियातील बालाक्लाव्हा येथे इस्पितळे पाहण्यास गेल्या आणि तापाने पडल्या. केस कापावे लागले, वात झाला, मरणाच्या दारातून परत आल्या. आजचे काही वैद्य या तापास ब्रुसेला जंतूंचा ज्वर मानतात. तो माणसास वर्षानुवर्षे सोडीत नाही. अशा रीतीने शिपायांची शुश्रूषा करणारी बाई स्वतःच युद्धाची जखमी झाली. त्या वेळी मिसेस रॉबर्ट्स या जुन्या, अनुभवी परिचारिकेने त्यांची उत्तम शुश्रूषा केली. विलायतेहून सोबत आलेल्या सेलिना ब्रेसब्रिज व त्यांचे यजमान यांनी नऊ महिने खपून बाईंचा पुष्कळ भार उचलला होता. तीही दोघे थकून उन्हाळ्यात परतली. वैद्यांनी बाईंस घरी जा म्हणून सांगितले. बाई जावयास तयार होईनात.

आणि मग सप्टेंबरात माई आत्या आली. वय ५७. नवरा व मुले मागे ठेवून, समुद्र ओलांडून, भाचीस पाहताच तिला रडू आवरेना इतकी ती वाळली होती. आत्याने वॉर्डात काही नाव काढले नाही. तिचे काम निराळेच होते. रात्री उशिरापर्यंत ती पत्रांच्या नकला करी, भांडाराचे हिशेब ठेवी, भेटावयास येणारांस दारातच थोपवी, आणि भाचीच्या पोटात चार घास जातात की नाही ते पाही. दहा महिने तिने हे केले. जुलै १८५६ अखेर दोघी नाव बदलून, गुपचूप, परतीच्या प्रवासास लागल्या. इंग्लंडात वाद्ये व कमानी तयार होत्या. बाई स्टेशनवरून एकट्या चालत घरी गेल्या.

घरी विश्रांती घेतील असे सर्वांस वाटले होते. त्यांनी तसे काही केले नाही. राणी व्हिक्टोरिया यांस भेटून त्यांनी सैन्याच्या आरोग्याविषयी राजकीय चौकशी मंडळ नेमविले, व त्याचे बहुतेक काम पडद्याआडून स्वतः केले. ऑगस्ट १८५७ मध्ये शरीराने दगा दिला. धाप, हृदयाची धडधड, अन्नावरची वासना उडालेली. आता थोडेच दिवस उरले अशी स्वतः बाईंची व सर्व आप्तांची समजूत झाली. वय अवघे ३७. त्या कोचावर निजून काम करू लागल्या, आणि त्यांच्याजवळ राहावयास पुन्हा माई आत्याच आली.

येथून पुढील तीन वर्षे आम्हांस या चरित्राचा गाभा वाटतात. लंडनच्या एका हॉटेलातील खोल्यांत आत्या व भाची राहत. मंत्री, डॉक्टर, आकडेशास्त्रज्ञ येत; कोणास आत सोडावयाचे, कोणास नाही, हे आत्या ठरवी. सॅम्युअलमामा बाईंच्या पैशांचा हिशेब व येणारी याचनापत्रे पाहत. आत्याचे जावई कवी क्लफ हे बाईंच्या निधीचे चिटणीस झाले. पुस्तकांची मुद्रिते तपासण्यापासून सामान बांधण्यापर्यंत सर्व करीत. म्हणजे एका आजारी बाईच्या कार्यास एक अख्खे कुटुंब जुंपले गेले होते. आरंभी सर्वांस वाटत होते की, हे थोड्या दिवसांचे आहे. मरणारणीस काय नाकारावे? परंतु ती मरेना. महिन्यांची वर्षे झाली. आत्या ६२ वर्षांची झाली, तिच्या घरची माणसे तिला परत मागू लागली, आणि १८६० साली ती आपल्या घरी गेली.

फ्लॉरेन्सबाईंस हा विश्वासघात वाटला. त्यांनी आत्याशी संबंध जवळजवळ तोडला, आणि तो दुरावा वीस वर्षांच्या आसपास टिकला! ज्या बाईंच्या नावाने जगातील परिचारिका दिवे लावतात, त्यांनी आपल्या शुश्रूषा करणारीस रजा मंजूर केली नाही. आम्ही हे त्यांची निंदा करण्यासाठी लिहीत नाही. दीर्घ दुखण्यात असेच होते. जो निजून असतो त्यास जवळचे माणूस उठून गेले म्हणजे आधाराचा खांब निघाल्यासारखे वाटते. आणि जो उठून जातो त्यास, आपण पाप केले, असे वाटत राहते. त्या घरात अर्धा डझन शहाणी माणसे होती, पैसाही होता. तरी आत्याने वर्षातून दोन महिने घरी जावे व त्या अवधीत दुसऱ्याने बसावे, असा साधा पाळीचा तोडगा कोणी वेळेवर काढला नाही. तो काढला असता तर आत्या १८६० मध्ये कायमची गेलीच नसती, असे आमचे मत आहे.

पुढील वर्ष फार वाईट गेले. ऑगस्ट १८६१ मध्ये सिडनी हर्बर्ट वारले. ते आजारी असतानाही बाई त्यांस कामाचा तगादा लावीत होत्या. नोव्हेंबरात क्लफ वारले. आत्याच्या जागी हिलरी बोनहॅम कार्टर ही मावसबहीण आली होती. ती चित्रे काढी, मूर्ती घडवी. परंतु येथे बाईंचे वागणे पालटलेले दिसते. हिलरीचे आयुष्य आपल्या खोलीत जिरून जात आहे, तिची कला मागे पडते आहे, हे ओळखून काही काळाने बाईंनीच तिला आग्रहाने परत पाठविले.

त्यांचे शुश्रूषेवरील प्रसिद्ध पुस्तक १८५९ अखेरीचे, म्हणजे माई आत्या जवळ असतानाचे आहे. ते परिचारिकांसाठी लिहिलेले नाही. घरात कोणाचे ना कोणाचे दुखणे काढावे लागणाऱ्या सामान्य बायकांसाठी आहे. त्यात हवा, उजेड, अन्न, गोंगाट यांबरोबर एक प्रकरण व्यवस्थेवर आहे, आणि तेच आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. त्यांचे म्हणणे असे की, तुम्ही जवळ असता तेव्हा सर्व नीट चालते यात नवल नाही. तुम्ही जवळ नसाल तेव्हाही तेच नीट चालेल अशी तजवीज करणे ही खरी शुश्रूषा. आपल्यावाचून रोग्याचे पान हलत नाही याचा ज्यांस अभिमान वाटतो, त्यांचा त्यांनी तेथे चांगलाच समाचार घेतला आहे. आमच्या घरांतील कित्येक आईंनी व सुनांनी हे प्रकरण वाचावे. औषधाच्या वेळा, पथ्य, कूस कोणत्या बाजूस बदलावयाची, रोगी कशाने घाबरतो, हे सर्व एका कागदावर लिहून भिंतीस लावले तर शेजारची बाई किंवा थोरला मुलगाही चार तास बसू शकतो. सर्व ज्ञान एकाच डोक्यात राहिले म्हणजे त्या डोक्यास उशी मिळत नाही.

१८६० साली लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात त्यांच्या नावाची शाळा सुरू झाली. क्रिमियाच्या कार्याबद्दल लोकांनी वर्गणीने जमविलेले सुमारे ४५,००० पौंड तीस मिळाले. शिकणाऱ्या प्रत्येक मुलीस निजावयास स्वतंत्र खोली असावी असा बाईंचा आग्रह होता. त्या काळी इस्पितळातील दाया वॉर्डाशेजारच्या कोंदट खोपटात निजत. थकलेल्या परिचारिकेस त्या स्वतःच्या खर्चाने हवापालटास पाठवीत, अंडी, फळे व फुले धाडीत. तरी सर्वांस वाचविता आले नाही. त्यांची शिष्या ॲग्नेस जोन्स हिने १८६५ पासून लिव्हरपूलच्या अनाथगृहाच्या इस्पितळाचा भार उचलला. शेकडो रोगी व हाताशी मोजक्या परिचारिका. उसंत कधी घेतली नाही. १८६८ साली वयाच्या ३५ व्या वर्षी टायफस तापाने ती गेली. त्याच लिव्हरपुलात विल्यम रॅथबोन नावाच्या व्यापाऱ्याने, आपल्या पत्नीच्या अखेरच्या दुखण्यात परिचारिकेचे मोल ओळखून, गरिबांच्या घरोघर परिचारिका पाठविण्यास आरंभ केला होता. बाई त्याच्या सल्लागार झाल्या. घरी येणाऱ्या परिचारिकेमुळे रोग्याच्या बायकोस बाजारास जाता येते, मुलांस आंघोळ घालता येते. हे लाभ अहवालात येत नाहीत, घरात मात्र जाणवतात. या परिचारिकांनी एकटे न राहता एकत्र, नीटनेटक्या घरात राहावे, दिवसभर दुसऱ्यांच्या दुःखातून आल्यावर त्यांस गरम जेवण व बोलावयास माणूस मिळावे, असे बाईंनी पुढे आग्रहाने मांडले.

आमच्या बायका या गोष्टीस फार जुन्या काळापासून माहेर म्हणतात. माहेरी गेलेल्या लेकीस कोणी काम सांगत नाही. परंतु ज्या घरी खिळलेला रोगी आहे त्या घरच्या सुनेचे माहेर प्रथम तुटते, हे आमच्या पाहण्यात आहे.

हिंदुस्थानात बाई कधीच आल्या नाहीत, पण त्यांच्या कोचावर या देशाचे कागद चाळीस वर्षे होते. येथील गोऱ्या सैन्याच्या आरोग्याविषयीचे चौकशी मंडळ १८५९ साली नेमले गेले. त्याचा दोन हजारांहून अधिक पानांचा अहवाल १८६३ मध्ये निघाला. येथे दर हजारी ६९ शिपाई वर्षास मरत, आणि तेही लढाईवाचून. दहा वर्षांत हा आकडा १८ वर आला. पुढे त्यांचे लक्ष शिपायांवरून रयतेकडे वळले. दुष्काळ, पाटबंधारे, गावांची स्वच्छता यांवर त्यांनी लिहिले, व पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही गावांच्या आरोग्याविषयी पत्रव्यवहार केला.

त्याच पुण्याशेजारी खडकी येथे, बाईंच्या मृत्यूनंतर, पहिल्या महायुद्धात पांगळ्या झालेल्या शिपायांस धंदे शिकविण्यासाठी १९१७ साली लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने निघालेली क्वीन मेरी यांच्या नावाची संस्था आहे. आणि १९७४ साली खडकीतच पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले. कमरेखाली हालचाल नसलेल्या जवानाचे अंग दर काही तासांनी वळवावे लागते, नाहीतर पाठीस क्षते पडतात. मूत्रमार्गाची काळजी घ्यावी लागते. हे काम गावातल्या एका घरातील एका बायकोच्या किंवा म्हाताऱ्या आईच्या अंगावर पडले तर ती किती वर्षे तग धरील? केंद्रात हे शिकलेले हात करतात. सैनिक चाकांच्या खुर्चीवरून खेळतात, वस्तू तयार करतात. ज्या सैनिकास सतत जवळ माणूस लागतो त्यास आपले सरकार निवृत्तिवेतनाबरोबर त्या माणसासाठी भत्ताही देते. भत्त्याने मीठमिरची येते. झोप मात्र येत नाही. अमेरिकेत २०१० साली एक कायदा झाला, त्यात अलीकडच्या युद्धांत गंभीर जखमी झालेल्या सैनिकाची घरी शुश्रूषा करणाऱ्या आप्तास वेतन, शिक्षण व वर्षातून किमान ३० दिवस विसाव्याची सोय, म्हणजे त्या दिवसांत दुसरा माणूस येऊन बसेल अशी तजवीज, लिहून ठेवली आहे. माई आत्यास तीस दिवस मिळते तर तिने ते कसे घालविले असते, असा विचार आमच्या मनात येतो.

आता शोरची गोष्ट. १८७४ च्या जानेवारीत बाईंचे वडील वारले आणि इस्टेट ठरल्याप्रमाणे आत्याच्या घराकडे गेली. बाईंची आई तेव्हा ऐंशीच्या पुढची. दृष्टी गेलेली, स्मृतीही जात चाललेली. त्या वृद्धेस शोरने आपल्या लंडनच्या घरी ठेवून घेतले व त्याच्या पत्नीने तिचे सर्व केले. उन्हाळ्यात बाई स्वतः, आजारी असतानाही, आईस डर्बीशरच्या जुन्या घरी नेऊन काही महिने सांभाळीत, आणि तेवढा काळ शोरच्या घरास उसंत मिळे. बाईंस आपल्या कामाचा खोळंबा होतो म्हणून पुष्कळ चडफड होई. पण वर्षामागून वर्षे ही पाळी चालली. आई १८८० साली, त्या आत्याच्या मुलाच्याच घरी, शांतपणे गेली. ज्या आत्यास रजा नाकारली तिच्याच मुलाने बाईंच्या आईचा भार वाहिला, हे बाईंस जाणवले नसेल असे म्हणवत नाही. त्याच सुमारास आत्या-भाचीचे पुन्हा जुळले. पत्रे सुरू झाली, आणि जुन्या कडवटपणाचा त्यांत मागमूस नाही. आत्या नव्वदी ओलांडून १८८९ साली वारली.

म्हातारपणी फ्लॉरेन्सबाई प्रकृतीने सुधारल्या व स्वभावाने निवळल्या. १९०७ साली ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा मान मिळाला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. तोवर दृष्टी व स्मृती दोन्ही गेल्या होत्या, आणि आयुष्यभर हुकूम देणाऱ्या त्या बाई परिचारिकांच्या हातून निमूटपणे सर्व करून घेत. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षानंतर तीन महिन्यांनी, झोपेतच त्यांचा प्राण गेला. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करण्याची सूचना आप्तांनी त्यांच्याच इच्छेवरून नाकारली. सैन्यातील शिपायांनी खांदा दिला, आणि हँपशरमधील ईस्ट वेलो या खेड्याच्या देवळाशेजारी आईबापांजवळ त्यांस पुरले. दगडावर नावाची दोन आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूची दोन साले आहेत.